भुरीच्या दोराची गाठ

नाना, तुम्हाला जाऊन तीस वर्षांवर झाली, आणि आज माझ्या फ्रीजमध्ये कुत्र्यांची खेळणी गोठायला ठेवली आहेत. हसायचं तर हसा. काल सूनबाई बर्फ काढायला गेली तर तिच्या हाताला रबराचा भोपळा लागला, आत दही-भाकरी कोंबलेली. म्हणाली, "आई, या घरात आधी माणसांचं गोठू द्या." मी म्हटलं, "माणसांना काय, पंख्याखाली बसता येतं." ती हसली आणि तिने खालच्या कप्प्यात जागा करून दिली. सून चांगली आहे माझी, तोंडाने बोलते पण हाताने करते. हे सगळं तुम्हाला सांगायला मजा वाटते आहे, पण कागद त्यासाठी घेतलेला नाही. मला तुमच्याशी, माझ्या बापाशी, भांडायचं आहे. चौथीपर्यंतच शिकले, तेव्हा अक्षर वाकडंतिकडं आहे ते चालवून घ्या. आणि मी एका गोष्टीतून दुसरीत जाते, ते तुम्हाला माहीतच आहे. आई म्हणायची, ही पोरगी विहिरीवर पाण्याला गेली की गावाची खबर घेऊन येते आणि घागर तिथंच विसरते.

तर नात. माझी थोरली नात आता कॉलेजात आहे, आणि सुट्टीच्या दिवशी मैत्रिणींबरोबर फिरायचं सोडून असोद्याच्या रस्त्याला एक पत्र्याची शेड आहे तिथं जाते. गाडीखाली आलेली, कोणी घरातून काढलेली, पाय मोडलेली, अशी कुत्री तिथं आणून ठेवतात. तिला म्हटलं, घरात केर काढायला सांगितला तर तुझी कंबर दुखते, आणि तिथं जाऊन कुत्र्यांचं शेण काढतेस. म्हणाली, "आजी, कुत्र्यांचं शेण नसतं." एवढंच तिने ऐकून घेतलं, बाकी काही नाही. मग एक दिवस जुनी पातळं न्यायला आली, कुत्र्यांच्या खाली अंथरायला, आणि गाठोडं जड म्हणून मलाही स्कूटरवर मागं बसवून घेऊन गेली. दोन्ही बाजूंनी केळी, मधून रस्ता, आणि लांबूनच भुंकणं ऐकू यायला लागलं. नाना, भुंकणं मी गावात जन्मभर ऐकलं, पण ते तसलं नव्हतं. कोणी चोर आला म्हणून भुंकत नव्हते. नुसतं भुंकत होते. एक पिंजऱ्यात गोल गोल फिरत होता, घाण्याच्या बैलासारखा. एक आपलाच पंजा चाटत होता, चाटून चाटून केस गेलेले, खाली लाल कातडं. मी म्हटलं, याला खरूज झाली. तिथं एक बाई सांभाळायला आहे, तिला सगळे खाला म्हणतात, तिचा नवरा गाद्या भरायचा. ती म्हणाली, "खरूज नाही अम्मा, दिवस जात नाही त्याचा."

त्या दिवशी तिथं पुठ्ठ्याची खोकी येऊन पडली होती. पुण्याकडच्या कुठल्या तरी ऑफिसातल्या माणसांनी मिळून पाठवली होती, दान म्हणून. मला वाटलं औषधं असतील, नाहीतर बिस्किटं. नातीने खोकं फोडलं तर आत खेळणी. रबराचे पोकळ भोपळे, दोऱ्यांच्या वेण्या, चेंडू, आणि पायपुसण्यासारखी एक लांब चिंध्यांची चटई, जिच्यात खाऊ लपवायचा आणि कुत्र्याने नाकाने हुडकायचा. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "माणसांच्या पोरांना खेळणं मिळत नाही आणि कुत्र्यांना पुण्याहून पार्सल?" नात म्हणाली, "आजी, तुला दुपारी टीव्हीवरची मालिका लागते ना? एक दिवस लाइट गेली तर तू घरभर भांडत फिरतेस. यांची लाइट रोजच गेलेली असते." खाला तोंडाला पदर लावून हसायला लागली. मला राग आला.

आणि खरंच, मी डोळ्यांनी पाहिलं. त्या भोपळ्यात खालाने भाकरीचा चुरा, दही आणि कुस्करलेलं केळं भरलं आणि तो पंजा चाटणाऱ्यापुढे ठेवला. आधी हुंगला, मागं सरला, मग एक जीभ, मग दुसरी. नंतर अर्धा तास तो नुसता तेच काम करत बसला. भोपळा दोन्ही पायांत धरायचा, उलटा करायचा, आत जीभ घालायची. पंजा विसरला. गोल फिरणारा चटईत नाक घालून एकेक दाणा काढत होता आणि शेपटी हलत होती. त्या दिवसापासून मी ते काम माझ्याकडे घेतलं. ज्वारीची भाकरी मीच करते, कांदा-लसूण नाही, मीठ नाही. कुत्र्यांना लसूण चालत नाही म्हणे. मी म्हटलं, खानदेशातली कुत्री आणि लसूण चालत नाही, हे कोणी ठरवलं? पण डॉक्टरांनी सांगितलंय म्हटल्यावर लसूण बाजूला ठेवला. उन्हाळ्यात गोठवून दिलं की जास्त वेळ पुरतं आणि जीवही थंड होतो. म्हणून फ्रीज.

आता गोडाऊनचं सांगते, म्हणजे मूळ भांडणाशी येईन. गोडाऊन हे कुत्र्याचं नाव. एका गोदामाच्या मागं वर्षानुवर्षं साखळीला बांधलेला, मालक गोदाम विकून गेला आणि हा तिथंच राहिला. मोठा, तपकिरी, मानेवर साखळीचा वळ, तिथं केस येतच नाहीत. पिंजऱ्याच्या गजाला चावायचा, दातांची टोकं घासून गेलेली. कोणी जवळ गेलं की दात दाखवायचा. कुत्रा न्यायला माणसं येतात, पण ती याच्या पिंजऱ्यापाशी थांबायचीसुद्धा नाहीत. नातीने त्याला दोऱ्यांची वेणी दिली. ती मात्र त्याने धरली. नात गजाबाहेर एक टोक धरून बसायची आणि तो आत दुसरं टोक दातांत धरून ओढायचा. ओढताना गुरगुरायचा, पण ते गुरगुरणं वेगळं, खेळातलं. त्याची मान सैल व्हायची. पण पुण्याची वेणी किती टिकणार, चार दिवसांत चिंध्या. आणि तुटलेले दोरे कुत्र्याच्या पोटात गेले तर जिवावर बेततं, म्हणून खेळताना कोणीतरी समोर बसावं लागतं आणि फाटलं की काढून घ्यावं लागतं. सगळ्याच वेण्या अशा गेल्या. तेव्हा मी म्हटलं, माझी जुनी सुती पातळं आहेत, त्यांच्या पट्ट्या काढून मी वेण्या करते, चांगल्या मनगटाएवढ्या जाड. नात म्हणाली, "आणि टोकाला घट्ट गाठ हवी आजी, ती सुटली तर वेणी उसवते." मी म्हटलं, "वेणी मी घालते. गाठ तू मार. माझी गाठ राहत नाही."

हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन, नाना. गाठ म्हटली की तोंडातून आपोआप येतं.

तुम्हाला आठवत असेल तर आठवा. पारोळ्याच्या अलीकडचं आपलं गाव, अंगणात गाडी, दोन बैल, आणि ओसरीच्या भिंतीला खुंट्या. तुम्ही कापसाच्या गाड्या धरणगावला जिनावर, सरकी काढायच्या कारखान्यात, न्यायचात. तुमच्या गाडीवरचा माल कधी हलला नाही, असं लोक म्हणायचे, आणि ते त्या गाठीमुळं. दोन वेढे, शेवट आतून घेऊन मागं दाबायचा. जितकं ओढावं तितकी आवळत जाते. सोडायची तर ओढायचं नाही, उलटी ढकलायची, आणि कुठून ढकलायची ते माहीत पाहिजे. आणि काम झालं की दोर कधी तसाच टाकला नाहीत. पंजा ते कोपर वेढे घ्यायचे, मधून एक फेरा, आणि खुंटीला. भाऊला गाठ शिकवायला बसलात तर तो चिडून उठला. मी शिकले. भाऊपेक्षा चार वर्षांनी लहान, नऊ वर्षांची. गाडीच्या चाकाला दोर बांधून दिलात आणि मला म्हणालात, "आते ओढ. आजून ओढ. दख, सुटस का?" मी सगळं अंग टाकून ओढलं, नाही सुटली. तुम्ही आईला हाक मारून दाखवलीत. आपल्या घरात ती गाठ दोघांनाच येत होती, एक तुम्हाला आणि एक मला. तुमच्याकडून मिळालेलं ते एकच असं होतं जे भाऊला मिळालं नाही.

भुरी कुत्री माझ्यामागं शाळेतून आली होती. तुम्ही म्हणालात, ठेव, पण बांधून ठेव, शेजारच्यांच्या कोंबड्यांवर जाते. मी रोज संध्याकाळी तिला अंगणातल्या खुंट्याला बांधायची, तुमच्या गाठीने. आणि एक दिवस सकाळी उठले तर तुम्ही गाडी घेऊन धरणगावला गेलेले, आणि भुरी नाही. खुंट्यापाशी नुसता दोर पडलेला, तुटलेला नाही, चावलेला नाही. मी दोन दिवस सगळं शिवार पायाखाली घातलं. शाळेत गेले नाही. नदीत उतरून हाका मारल्या. आई म्हणाली, नाना आले की त्यांना विचार. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला गाडी आली, मी वेशीपर्यंत पळत गेले. तुम्ही गाडीवरून उतरला नाहीत. बंडीच्या खिशातून लाल रिबिनी काढून माझ्या हातात दिल्यात, धरणगावच्या बाजारातल्या, आणि म्हणालात, "गाठ ढिली ऱ्हायनी व्हई तुनी. सुटी गयी ती."

त्या रिबिनी मी घातल्या, नाना. आणि बांधून मात्र आईकडून घ्यायची.

पुढं तुम्हीच ते घरभर केलंत. कोणी मला दोर धरायला सांगितलं की तुम्ही हसून म्हणायचात, तिला देऊ नका, तिची गाठ राहत नाही. माझ्या लग्नात, मांडवात, सासरच्यांसमोर बोललात. सगळे हसले, मीही हसले. सासूने ते बरोबर ध्यानात ठेवलं. गाय बांधायला जावेला पाठवायची. मोळी मी वेचायची आणि बांधायला दुसरं कोणी. माझा मुलगा लहान असताना झोळी बांधायची तर मी नवरा शेतातून येईपर्यंत पोराला कडेवर घेऊन फिरायची, हात भरून यायचे, पण बांधायची नाही. आजही कुलूप लावून दोनदा परत जाते. सूनबाईला वाटतं वयामुळं. वयामुळं नाही.

तर नात म्हणाली, "मी मारते गाठ." तिने मारली, गोडाऊनने ती पाच मिनिटांत सोडवली. खालाने मारली, तीही गेली. नात वैतागून म्हणाली, "आजी, तुला काहीतरी येत असेल की. गावातली आहेस ना तू?" मी नाही नाही म्हणत होते आणि नाना, हात मात्र आपले चालायला लागले होते. दोन वेढे, शेवट आतून, मागं दाब. साठ वर्षं हातांनी ते केलेलं नाही, पण हात विसरले नव्हते. मी म्हटलं, पाहा, सुटेलच ही. समोरच बसा, पोटात जाईल त्याच्या. नातीने एक टोक धरलं, गोडाऊनने दुसरं. तो ओढायला लागला. मागचे पाय रोवून, मान हलवून, सगळं अंग टाकून. नात अर्धी गजाला येऊन टेकली, मग खालाही तिच्या मागं धरायला आली, आणि दोघी हसत होत्या. मी त्या गाठीकडं पाहत होते. ती आवळत गेली, आवळत गेली, सुपारीएवढी झाली. शेवटी तो दमला आणि वेणी तोंडात घेऊन आडवा झाला, समाधानाने. धुवायला म्हणून खालाने गाठ सोडायला घेतली. नखं लावली, दात लावले. "अम्मा, ये गाठ है के ताला है?" म्हणाली. शेवटी मीच घेतली, उलटी ढकलली, सुटली. नात टाळ्या वाजवत होती. मी मात्र ती वेणी हातात घेऊन बघत राहिले. एवढा मोठा कुत्रा, साखळ्या ओढण्यात जन्म गेलेला, त्याला जी सुटली नाही, ती माझ्या भुरीला सुटली? तिचं वजन ते केवढं. आणि ओढून ती सुटतच नाही, हे तर तुम्हीच मला शिकवलंत. ढकलून सोडावी लागते, माणसाच्या हाताने. ज्याला येते त्याच्या.

चार दिवसांनी धुळ्याला भाऊकडे गेले. एसटीत खिडकीशी बसले, पारोळं आलं तेव्हा मान फिरवून घेतली. भाऊ आता ओसरीतच असतो, गुडघे गेलेत. त्याच्या हातात चहाची बशी होती. मी पाणीसुद्धा प्यायले नाही. विचारलं, "भाऊ, भुरी कशी सुटली होती?" तो म्हणाला, "आजून त्या कुत्रीमांगेच शे का तू?" मी म्हटलं, "सांग." त्याने बशी खाली ठेवली. "नानाच लई गयथात तिले. गाडीमा, गोण्यास्ना खाले." शेजारच्याची चार कोंबडी तिने मारली होती, तो विष घालायला निघाला होता, म्हणून तुम्ही तिला धरणगावला नेऊन जिनाच्या पलीकडं सोडलीत. भाऊने पहाटे उठून गाडी जुंपायला मदत केली होती. मी विचारलं, "आणि मला का नाही सांगितलं?" तर म्हणाला, "तुले माहीत नव्हतं का? बठ्ठास्ले माहीत व्हतं." सगळ्यांना, म्हणे! वहिनी आतून म्हणाली, चहा निवतोय. मी तो निवलेलाच प्यायले.

नाना, तुम्ही तिला नेलीत ते मी समजू शकते. विषाने मरण्यापेक्षा बरं, एवढं मला तेव्हाही समजलं असतं. मी रडले असते, चार दिवस जेवले नसते, आणि मग विसरले असते. पण तुम्ही माझ्या हाताला नाव ठेवलंत. जी गाठ तुम्ही स्वतः ढकलून सोडलीत ती माझी ढिली होती म्हणालात. आणि एकदा म्हणून थांबला नाहीत. मांडवात तरी गप्प बसायचंत. आता तिथं शेडमध्ये सोडून दिलेली कुत्री मी रोज पाहते, काही जण महिनोन्‌महिने दाराकडे तोंड करून बसतात, भोपळा पुढं ठेवला तरी एक डोळा दाराकडेच. भुरी तशी जिनापाशी बसली असेल. तिला तरी कोणी सांगितलं नाही की तुझी गाठ ढिली होती म्हणून. मला वाटलं होतं घरात तुमचं-माझं काहीतरी वेगळं आहे, भाऊपेक्षा जास्त. तेच तुम्ही वापरलंत. भाऊवर घालता आलं नसतं, त्याला गाठच येत नव्हती.

आता आनंदाचं सांगते, कारण तोही आहेच, तो का लपवू. गेल्या आठवड्यात असोद्याचा एक केळीवाला आला, बागेत राखणीला कुत्रा पाहिजे म्हणून. आधी पुढच्या पिंजऱ्यांतली गोंडस पिल्लं पाहत होता. तेवढ्यात गोडाऊन माझ्या पातळाची वेणी तोंडात घेऊन गजापाशी आला आणि माझ्यापुढं टाकली, ओढ म्हणून. तो माणूस थांबला. "हा चावत नाही?" खाला म्हणाली, "पहले चावत होता. आता खेळतो." तो तासभर बसला, ओढून पाहिलं, त्याच्या टोपीवर गोडाऊनची लाळ. नातीने त्याला दहा प्रश्न विचारले, साखळीला बांधणार नाही असं वदवून घेतलं, पोरीच्या लग्नाला विचारतात तसं. चार दिवस येऊन-जाऊन राहिला तेव्हा कुठं दिला. टेम्पोत चढवताना केळीवाला म्हणाला, रस्त्यात उडी मारेल, नीट बांधा कोणीतरी. नातीने पट्ट्याचा दोर माझ्या हातात दिला. मी बांधला. एकदाच बांधला, आणि परत जाऊन पाहिलं नाही. टेम्पोत वेणीही ठेवली आणि गोठवलेला भोपळाही. काल फोटो आला, केळीच्या खोडाखाली झोपलाय, वेणी पायांत.

नात मघाशी रद्दी मागायला आली होती. कागदाचे बोळे करून त्यांत खाऊ लपवतात, कुत्री फाडत बसतात, त्यांना बरं वाटतं. सगळी वर्तमानपत्रं दिली, हा कागद दिला नाही. तुम्हाला पाठवायची सोय नाही, आणि भाऊला वाचून दाखवायची माझी छाती नाही. उशाखाली राहील.

एक राहिलं. वर मी लिहिलं की दोर खुंट्यापाशी पडलेला होता. सगळ्यांना मी तसंच सांगत आले, आईला, नवऱ्याला, नातीलासुद्धा. पडलेला नव्हता, नाना. ओसरीच्या खुंटीला होता. पंजा ते कोपर वेढे घेतलेला, मधून एक फेरा. मी त्या सकाळी तो पाहिला होता, तुम्ही यायच्या आधीच.